बेटावर ॲप पोचलं, पण नोटा कोण पोचवणार?

नमस्कार मंडळी! दूरच्या बेटांवर बँक का नसते, हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारलात की आज बसलोच. पण खरं सांगू? प्रश्नापेक्षा त्याखालच्या एका उत्तरामुळे बसलोय. "ॲप काढा की, विषय संपला!" आणि त्याला लाइक बघा किती! अहो, विषय तिथे सुरू होतो.

आधी प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. माणसं थोडी, ठेवी लहान, रोकड बोटीने न्यायची, वीज आणि नेटवर्कचा भरवसा नाही. शाखेचा खर्च निघणार कसा? जिथे घरांना नंबरच नाहीत तिथे पत्त्याचा पुरावा मागायचा, हा आणखी एक विनोद. लहान खात्यांसाठी सोपी केवायसी हा त्यावरचा उपाय बऱ्याच देशांनी केलाय. झालं, पुढे.

तुवालू हा देश घ्या. नऊ बेटं, जेमतेम ११ हजार लोक, चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. तिथे पहिलं एटीएम कधी आलं, सांगा? एप्रिल २०२५! तेही मुख्य बेटावर, फुनाफुतीला. इंडोनेशियाचा प्रकार वेगळा. १७ हजारांहून जास्त बेटं, तेव्हा बँक राक्यात या सरकारी बँकेने २०१५ मध्ये बोटीवरच शाखा थाटली आणि २०१६ मध्ये चक्क स्वतःचा उपग्रह सोडला. बँकेचा उपग्रह! यावर वेगळा व्हिडिओ करा म्हणून मागे लागू नका, करणार आहे.

आता मुद्दा. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आलं आणि मोबाइलवरून पैसे पाठवणं सोपं झालं. सगळे ॲप, ॲप करतात, पण एम-पेसाचं खरं बळ होतं गल्लोगल्लीचे एजंट. फोनमधला आकडा घेऊन नोट देणारा, नोट घेऊन आकडा देणारा माणूस. बेटावर हा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तिथला दुकानदार.

अशा एका दुकानदाराने मला त्याची वही दाखवली होती. डाव्या बाजूला पेटीतली रोकड, उजव्या बाजूला फ्लोट, म्हणजे त्याच्या मोबाइल वॉलेटमधली शिल्लक. परदेशातून पैसे आले की सगळं बेट एकदम नोटा काढायला येतं. डावी बाजू शून्य, उजवी फुगलेली. मासे विकले गेले की उलटं. व्यापारी रोख देऊन जातो, लोक ती भरायला येतात आणि फ्लोट संपतो. दोन्ही वेळा इलाज एकच, बोट पकडून मोठ्या बेटावरच्या बँकेत जायचं. दुकान बंद, भाडं खिशातून, अंगावर रोकड घेऊन परतीचा प्रवास, आणि समुद्र खवळला तर मुक्काम. कमिशन मात्र चिल्लर. म्हणून तो गिऱ्हाइकाला सांगतो, "आज नाही, परवा या."

आता काउंटरच्या अलीकडे या. एखाद्या आजीला दोनदा "परवा या" ऐकावं लागलं, तर तिसऱ्यांदा ती काय करेल? मिळतायत तोवर सगळेच काढून घेईल. खातं रिकामं. मग शहरातला साहेब अहवालात लिहितो की लोकांना बचतीची सवय नाही, आर्थिक साक्षरतेची शिबिरं घ्या. माझं डोकं इथेच फिरतं. आजी अगदी बरोबर हिशेब करतेय हो! ज्या खात्यातून हवे तेव्हा पैसे निघत नाहीत, त्यात ती ठेवेल कशाला?

अजूनही "पण ॲप..." म्हणणारे असतील, त्यांच्यासाठी धक्क्यावरून बघू. बेटावरच्या नोटा जातात कुठे? मालाच्या बोटीने परत! दुकानदार मोठ्या बेटावरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आणतो आणि तो रोखच मागतो. त्या एका व्यापाऱ्याने वॉलेटमधून पैसे घेतले, तर फुगलेला फ्लोट तिथे खर्च होतो, नोटा बेटावरच फिरत राहतात आणि दुकानदाराच्या कितीतरी खेपा वाचतात. म्हणजे बेटावरच्या लोकांना शिकवत बसण्याआधी मोठ्या बेटावरच्या घाऊक व्यापाऱ्याला पटवा. बोटीचं तिकीट, शाळेची फी, विजेचं बिलही तसंच. फोनमधला आकडा फोनमधूनच खर्च झाला की नोटेची गरज आपोआप कमी होते.

एकाने विचारलंय, "सॅटेलाइट इंटरनेट आलं की प्रश्न सुटेल ना?" नेटवर्कचा सुटेल, आणि तो लहान नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगात ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि समुद्राखालची केबल तुटली. परदेशातल्या नातलगांच्या पैशांवर ज्या देशाचा एवढा मोठा भार, तिथे नेमक्या गरजेच्या वेळी पैसे पाठवणं अडलं. केबल जोडायला पाचेक आठवडे लागले. तेव्हा उपग्रहाची जोड हवीच. पण उपग्रहातून नोटा पडत नाहीत, राव.

आणि हे पैसे पाठवायलाही खर्च येतो. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे, पण जगाची सरासरी अजून त्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यात मोठ्या आंतरराष्ट्रीय बँका छोट्या बेटदेशांच्या बँकांशी संबंध तोडतायत. धंदा थोडा आणि मनी लाँडरिंगच्या नियमांची कटकट मोठी, म्हणून. तो विषय मोठा आहे, आज नको.

आज मला एवढंच हवंय. तुमच्यापैकी कोणी बेटावर एजंटचं काम करत असेल, किंवा अशा बेटाला माल पुरवत असेल, तर खाली लिहा. सुगीच्या दिवसांत फ्लोट संपला की काय करता? उधारीवर चालवता की बोटवाल्याच्या हाती पैसे मागवता? आणि ते "विषय संपला"वाले दादा, तुम्हीही लिहा. पण व्हिडिओ शेवटपर्यंत बघून.