अजून लाकूड आहे

नमस्कार श्रोतेहो.

संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या आजोळी माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असायची. भात पोटरीला आलं आणि रात्री रानडुकरं उतरायला लागली की मामा ती खाली काढायचा. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागले की परत घरी यायची. आम्हा पोरांना हात लावायची सक्त मनाई. तिचा आवाज मला आज आठवत नाही. आठवतो तो तिचा दस्ता, किती तळहात फिरून गुळगुळीत, काळाभोर झालेला.

पुढे नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टरजवळ राहायला आलो. तिथल्या एका संग्रहालयात काचेआड उभी केलेली अठराव्या शतकातली लांब रायफल पाहिली आणि पाय हलेनात. माणसाच्या हनुवटीपर्यंत पोहोचेल इतकी उंच, मनगटासारखी बारीक, आणि मेपलच्या लाकडावर वाघाच्या अंगासारखे पट्टे. तशी एक रायफल मी स्वतःच्या हातांनी घडवली. चौदा महिने लागले. आज तुम्हाला तिचीच हकिकत सांगणार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे ठासणीची बंदूकसुद्धा परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानं अशा बंदुकांना प्राचीन शस्त्रांमध्ये धरलं आहे, म्हणून मला इथे हे करता आलं. तेव्हा ऐकून कुणी गावाकडे खटाटोप करू नये, ही कळकळीची विनंती.

आता ही रायफल आली कुठून? अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन बोलणारे कारागीर, काही स्वित्झर्लंडचेही, या भागात येऊन वसले. त्यांच्या देशातली शिकारीची रायफल, जिला ते येगर म्हणत, आखूड आणि जाडजूड होती. नळी तीसेक इंच, गोळी मोठी. इथल्या रानात राहणाऱ्या माणसाला ती परवडेना. शिसं आणि दारू दोन्ही पाठीवर वाहून न्यायची, आणि दोन्ही महाग. मग नळी लांबत लांबत बेचाळीस, सेहेचाळीस इंचांवर गेली आणि छिद्र लहान झालं. साधा हिशेब पाहा. इंग्रज शिपायाच्या ब्राउन बेस बंदुकीच्या एक पौंड शिशात चौदाएक गोळ्या होत. अर्ध्या इंच छिद्राच्या रायफलीच्या तेवढ्याच शिशात चाळीसच्या आसपास होतात. एवढा फरक पडला तर रानातल्या घराचा हिवाळा निभतो. लांब नळीमुळे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर वाढलं, नेमही सुधारला.

तिला दारूगोळा भरायला मात्र वेळ लागतो. गोळीला तेल लावलेल्या कापडाची चकती गुंडाळायची आणि गजानं ती नळीच्या तळापर्यंत ठासत न्यायची. पलटणीतला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, रायफलवाल्याचा जेमतेम एक निघे. पण १७७७ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगाच्या लढाईत, डॅनियल मॉर्गनच्या रायफलवाल्यांनी दुरून इंग्रज अंमलदार टिपून काय केलं, ते इतिहासात नोंदलेलं आहे. याच शतकात, १७६१ मध्ये पानिपतावर, इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींच्या हातातही चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीनं उडणाऱ्या, बंदुका होत्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या. रायफलीच्या नळीत आतून पेच असतात. गोळी त्या पेचांतून फिरत निघते, म्हणून सरळ जाते.

लोक या रायफलीला केंटकी रायफल म्हणतात. घडली लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत, जेकब डिकर्टसारख्या बंदुका घडवणाऱ्या कारागिरांच्या हातून, आणि नाव मिळालं दुसऱ्याच राज्याचं. मला हे लागतं. करणाऱ्याचं नाव राहिलं पाहिजे.

ते पेच पाडायची पद्धत ऐकाल तर थक्क व्हाल. एक जाड लाकडी लाट, म्हणजे गोल दांडा, तिच्यावर पेचदार चरे कोरलेले. ती लाट मागेपुढे ओढली की आपसूक फिरते, आणि तिच्या टोकाच्या सळईला लावलेलं करवतीसारखं बोटभर पातं नळीच्या आत त्याच फिरकीनं एक चरा ओरबाडतं. एका खेपेला केसाएवढं लोखंड निघतं. सातही चरे फिरून झाले की पात्याखाली कागदाचा एक तुकडा सरकवायचा, म्हणजे पातं तेवढं वर उचललं जातं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कागदावर कागद. मी ते यंत्र चालवून पाहिलं आहे. पाचव्या मिनिटाला खांदे बोलायला लागतात.

माझी नळी मात्र तयार विकत घेतलेली आहे, लॉकही विकतचं. लॉक म्हणजे ठिणगी पाडणारं कळसूत्र. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. तो पोलादी पट्टीवर आपटला की चकमक झडते. तुम्ही विचाराल, मग हातानं काय केलं? जुन्या कारागिरांपैकी कित्येकजण इंग्लंडहून आलेली लॉकं वापरत. नळीपासून स्क्रूपर्यंत सगळं एकाच माणसानं करणं त्या काळीही विरळाच. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला वॉलेस गसलर यांनी १९६० च्या दशकात ते पुन्हा करून दाखवलं. लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून, तापवून, इंचाइंचानं सांधत नळी केली. त्या माणसापुढे मी हात जोडतो. माझ्या वाट्याला आलं ते लाकूड.

आणि लाकडाचं काम सुरू होतं एका भोकापासून. नळीच्या तळाशी बाजूला सुमारे दीड मिलिमीटरचं एक छिद्र असतं. आपल्याकडे त्याला कान म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांच्या कानात खिळे ठोकल्याची वर्णनं येतात, तोच हा कान. बाहेर लॉकच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, असते. ती पेटते, आणि ज्वाला कानातून आत जाऊन मुख्य दारू पेटवते. कान वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत हवा, आणि नळीच्या तळाच्या बुचाच्या जरा पुढे हवा. जरा मागे गेला तर बुचावर आपटतो, वर गेला तर ज्वाला चुकते. म्हणून आधी नळी बसवायची, मग कानाची जागा ठरवायची, मग लॉक, मग चाप, मग दस्त्याची लांबी. सगळी रायफल त्या टाचणीएवढ्या बिंदूपासून मोजली जाते. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस पटाशी हातात घेतली नाही, नुसता मोजत बसलो.

मला शिकवणारे गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पट्टीचे आकडे ते कमीच पाहतात, अंगठा फिरवून सांगतात. नळीला तेलात कालवलेली काजळी लावायची, ती दस्त्याच्या खाचेत टेकवायची, उचलायची. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड अडतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणं. माझी नळी अष्टकोनी, बुडाशी जाड, मध्ये बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित रुंदावलेली. ती खाचेत बसवायला अकरा शनिवार गेले. गुरुजी येत, अंगठा फिरवत आणि म्हणत, ‘अजून लाकूड आहे.’

पट्टेदार मेपल दिसायला जितकं सुंदर, तितकं हाताला कठीण. त्याचे तंतू लाटांसारखे वरखाली जातात. पटाशी एका लाटेवर चढते आणि दुसऱ्या लाटेत घुसून ढलपी उपटते. माझ्या हातून लॉकच्या शेजारी नखाएवढी ढलपी उडाली. जमिनीवर रांगत शोधली, सरसानं परत चिकटवली. आज मला सोडून ती कुणाला दिसत नाही, पण मला रोज दिसते.

दुसरी चूक ठासायचा गज ठेवायच्या भोकाची. नळीखालून, लांबलचक गिरमिटानं, आंधळेपणानं ते पाडावं लागतं. नळी आणि गज यांच्यात तीनएक मिलिमीटर लाकूड राहायला हवं. माझं गिरमिट वर चढलं. भोक नळीला लागलं नाही, पण लॉकचा पुढचा स्क्रू जातो नेमका त्याच फटीतून, आणि तो गजाला अडायला लागला. शेवटी स्क्रूच्या पोटाला कानशीनं अर्धगोल खाच दिली. मला वाटलं, काम बिघडलं. गुरुजींनी त्यांच्याकडची एक जुनी रायफल उघडून दाखवली. तिच्या स्क्रूलाही तश्शीच खाच होती. दोनशे वर्षांपूर्वी कुणाचंतरी गिरमिट असंच चढलं होतं.

मग आकार. नवशिक्याची पहिली रायफल नेहमी लठ्ठ होते, असं इथले सगळे कारागीर सांगतात. कारण भीती. चौदा महिने जपलेलं लाकूड, एक रंधा जास्त फिरला तर संपलं. नळीच्या दोन्ही बाजूंच्या कडा शेवटी जेमतेम दोन मिलिमीटर उरायला हव्यात. माझ्या चारवर थांबल्या. गुरुजी म्हणाले तेच, आणि मी या वेळी ऐकलं नाही.

रंगाचा दिवस मी विसरणार नाही. अ‍ॅक्वाफोर्टिस म्हणजे लोखंडाचा कीस विरघळवलेलं नत्राम्ल, ते अंगणात उघड्यावर, हातमोजे घालून दस्त्याला लावलं. लाकूड मळकट, हिरवट दिसायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मग तापलेली लोखंडी पट्टी त्याच्याजवळून हळूहळू फिरवली. जिथे जिथे ऊब लागली तिथे तिथे ते हिरवट लाकूड डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी झालं आणि पट्टे उमटून वर आले. वर जवसाचं तेल, तळहातानं चोळून. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, ‘हे आत होतंच का?’ होतं.

पहिला बार नेमबाजीच्या मैदानावर केला. पहिल्याच खेपेला खांद्याला लावायची नाही, लाकडी घोडीला बांधून दुरून दोरीनं चाप ओढायचा, हा नियम. तसे तीन बार झाले, नळी तपासली. मग उभं राहून खांद्याला लावली. आधी वाटीतली रंजक फुरकन पेटली, आणि क्षणाच्या कुठल्याशा तुकड्यानंतर मोठा आवाज, पांढरा धूर, दिवाळीच्या पहाटेचा वास. पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोळी लागली, मधल्या वर्तुळाच्या चार बोटं खाली. दुसरी त्याच्याहून खाली. तिसरीपर्यंत डावा हात थरथरायला लागला होता. रायफल तोंडाकडे जड होती, त्या न काढलेल्या लाकडाच्या वजनानं.

काळ्या दारूची राख दमट हवेत लोखंड खाते, म्हणून त्याच संध्याकाळी नळी उतरवून कोमट पाण्यानं धुतली. पाणी काळं आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. नळी सुकून तेल लावेपर्यंत दस्ता मांडीवर मोकळा पडला होता. मी कडांवरून अंगठा फिरवला.

पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा हरणांचा हंगाम सुरू होतो. मला शिकारीची हौस नाही, मैदान पुरे. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये असेन. पुढच्या भागाचं तेल खरवडून काढायचं, रंग जाईल तो पुन्हा द्यायचा, आणि दोन्ही कडांचं दोन-दोन मिलिमीटर लाकूड उतरवायचं. पटाशीला धार लावून ठेवली आहे.

नमस्कार.