एका पौंडाची बोट

नमस्कार श्रोतेहो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागनदी घरांत शिरली. माझ्या मावशीला जवानांनी खिडकीतून रबरी बोटीत घेतलं. एका हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, दुसऱ्या हातात औषधांचा डबा. बाकी सगळं पाण्यात. त्या बोटीमुळेच आज एका शाळेबद्दल बोलावंसं वाटलं.

1962 साली वेल्समध्ये, समुद्रकाठच्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. कल्पना कुर्ट हान यांची. हिटलरला विरोध केला म्हणून जर्मनीत तुरुंगात गेलेले हे शिक्षक. ज्यांचे बाप एकमेकांवर बंदुका रोखून लढले, त्या देशांची 16 ते 19 वर्षांची पोरं दोन वर्षं एकत्र राहावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. पण नुसतं एका वर्गात बसून नाही. एकत्र काम करून. तिथला समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुलांच्या वाट्याला काम आलं बुडणाऱ्याला वाचवण्याचं.

आता गंमत ऐका. त्यांच्या रबरी बोटी रोज किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवरून ओढून काढाव्या लागत आणि तळ घासून फाटे. सायकलची ट्यूब असणाऱ्या घरात हे समजावून सांगायला नको. रोज ठिगळं, रोज पंक्चर. शेवटी मुख्याध्यापक डेस्मंड होर, नौदलातले निवृत्त रिअर ॲडमिरल, आणि मुलं मिळून कामाला लागले. रबरी तळ काढून टाकला आणि प्लायवूडचा बसवला. तो लाटांवर आपटायचा, मोडायचा, पुन्हा नवा. अशी कित्येक वर्षं! खाली कडक तळ, भोवती हवेची रबरी नळी. आज जगभर जीवरक्षक हीच बोट वापरतात. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने 1972 साली ती सेवेत घेतली आणि शाळेवरून नाव ठेवलं अटलांटिक 21. होर यांनी त्या संस्थेला पेटंट दिलं एका पौंडाला. एका पौंडाला, श्रोतेहो!

शांततेवर वक्तृत्व स्पर्धा घेणं मला मुळीच पटत नाही. 2 ऑक्टोबरला पाठ केलेलं भाषण 3 तारखेला विसरतं. आणि दहावी झाली की पोराला कोचिंगमध्ये डांबायचं, हे तर त्याहून नाही पटत. अंबाझरीच्या शेजारी वाढलेल्या किती मुलांना पोहता येतं, सांगा बरं? उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी पोहायला घाला.

असो. युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या नावाने आज अशा शाळा अनेक देशांत आहेत. बोस्नियात मोस्तारला, जिथे युद्धाने शहराचे दोन भाग झाले, तिथे 2006 पासून. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ मुळशीला, 1997 पासून. निवड राष्ट्रीय समिती करते, शिष्यवृत्तीही मिळते. दहावी-अकरावीची मुलं घरात असतील त्यांनी चौकशी जरूर करा.

मावशीला घ्यायला आलेली बोट साधी रबरी होती, कडक तळाची नव्हे. तरी ही गोष्ट तिला सांगितली. बाळकृष्ण पुसत ऐकत होती. म्हणाली, "एवढ्या लाटांत पोरं गेली, त्यांच्या आयांना झोप कशी लागली असेल रे?"