टॅटूसाठी पाच मॅचची बंदी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत ओहायोच्या कोलंबसमध्ये राहणाऱ्यांना आजचा विषय समजावून सांगायला नको. फुटबॉलच्या सीझनमध्ये शनिवारी अर्धं शहर लाल शर्ट घालून स्टेडियमकडे निघतं, एक लाखावर माणसं आत बसतात, आणि बाहेर पार्किंगमध्ये ग्रिलभोवती जो वाद चालतो तो हल्ली मॅचवर कमी आणि पैशावर जास्त असतो, पोरांना किती द्यायचे, कोणी द्यायचे आणि नियम मोडला तर पकडणार कोण.

भारतातून जे ऐकतायत त्यांना थोडं सांगतो. इथलं कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत, टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे असतात, इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या कोचला वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर मिळतात, आणि जो पोरगा मैदानात गुडघा फोडून घेतो त्याला वर्षानुवर्षं मिळायचं काय तर स्कॉलरशिप, राहणं-खाणं आणि अलीकडे थोडा वरखर्च. बाहेरून एक रुपया घेतला तरी एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची मुख्य संघटना, चौकशी लावायची.

डिसेंबर 2010 मध्ये इथेच काय झालं ते इथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी, त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टेरेल प्रायर, आपल्याच अंगठ्या, जर्सी, बक्षिसं विकली होती आणि टॅटू स्वस्तात काढून घेतले होते. स्वतःच्या वस्तू होत्या हो, चोरीच्या नव्हत्या. शिक्षा म्हणून पाच मॅचची बंदी, पण ती पुढच्या सीझनपासून! जानेवारीतला शुगर बोल, म्हणजे सीझननंतरची मोठी मॅच, मात्र खेळायची परवानगी दिली, कारण त्या मॅचवर स्पॉन्सर होते, टीव्ही होता, तिकिटं विकली गेली होती. पुढे कोच जिम ट्रेसलला आधीच सगळं माहीत होतं हे बाहेर आलं, मे 2011 मध्ये त्याने राजीनामा दिला, 2010 च्या मॅच जिंकल्या होत्या त्या रेकॉर्डमधून पुसल्या, आणि 2012 च्या सीझननंतरच्या मोठ्या मॅचवर बंदी आली. त्या 2012 मध्ये टीम बाराच्या बारा मॅच जिंकली आणि घरी बसली. त्या टीममधल्या बहुतेक पोरांचा टॅटूशी काडीचा संबंध नव्हता.

माझा राग नियमावर आहेच, पण त्याहून जास्त तो राबवण्याच्या पद्धतीवर आहे. ओक्लाहोमात तीन खेळाडूंनी पदवीच्या जेवणात पास्ता ठरल्यापेक्षा जास्त खाल्ला म्हणून प्रत्येकाला 3 डॉलर 83 सेंट दान करायला लागले, युनिव्हर्सिटीने स्वतःहून ही तक्रार कळवली कारण भीतीच तेवढी होती. आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत 18 वर्षं नावापुरते क्लास चालले, 3,100 च्या वर विद्यार्थी त्यात होते, बरेचसे खेळाडू, तरी 2017 मध्ये एनसीएएने त्या क्लासबद्दल शिक्षा दिली नाही, म्हणे ते क्लास सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते. मग लोकांचा विश्वास बसणार कसा? छोटा माणूस छोट्या गोष्टीत अडकतो, मोठं प्रकरण वकिलांच्या जोरावर सुटतं, हे ज्या चाहत्याने एकदा पाहिलं तो परत एनसीएएचं ऐकत नाही.

2021 ला इथल्या सुप्रीम कोर्टाने, खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ऑल्स्टन केसमध्ये, 9-0 असा निकाल दिला. विषय फक्त शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांचा होता, पण जस्टिस कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून साफ सांगितलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहा दिवसांत, 1 जुलैपासून, खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर, जाहिरातीवर कमवायची मुभा मिळाली. मग श्रीमंत चाहते, ज्यांना इथे बूस्टर म्हणतात, त्यांनी फंड काढले आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ पगार सुरू झाला. एनसीएएने अडवायला पाहिलं तर टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यंच कोर्टात गेली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नियमाला स्थगिती मिळाली. आणि आपली ओहायो स्टेट? 2024 च्या टीमवर साधारण दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं खुद्द अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सांगितलं, आणि जानेवारी 2025 मध्ये नोटर डेमला 34-23 हरवून टीम चॅम्पियन झाली. मी पण ओरडलो, नाचलो, लपवत नाही, आणि ते पैसे त्या पोरांचे हक्काचे होते असं आजही म्हणतो.

आता जून 2025 पासून नवीन व्यवस्था आहे, हाउस सेटलमेंट म्हणतात, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या केसमधली तडजोड. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर, आणि चालू खेळाडूंना कॉलेजकडून थेट पैसे, पहिल्या वर्षी एका कॉलेजने साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. बाहेरचा करार 600 डॉलर किंवा जास्तीचा असेल तर नोंदवायचा, आणि तो खरा धंदा आहे की नुसता बूस्टरचा पैसा हे कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी संस्था तपासणार. पार्किंगमधले अर्धे लोक म्हणतात आता तरी शिस्त येईल. दुसरी बाजू म्हणते पोहणं, कुस्ती, मुलींच्या टीम यांचे पैसे फुटबॉल खाणार, आणि ती भीती खरी आहे, मागच्या भरपाईतला मोठा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातो म्हणून आठ महिला खेळाडूंनी अपीलही केलं.

मला वाटतं ही लिमिटसुद्धा कोर्टात अडकत राहणार. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, पगाराची मर्यादा टिकते कारण खेळाडूंच्या युनियनने बसून, भांडून, सही करून ती मान्य केलीये. इथे ज्यांच्या पगारावर मर्यादा घातली त्यांची युनियनच नाही, वकिलांनी सेटल केलं आणि जज क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलं. डार्टमथ या खासगी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने मार्च 2024 मध्ये 13-2 मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला होता, पण वर्ष संपता संपता तो अर्ज मागे घेतला गेला. ओहायो स्टेट तर सरकारी, तिला युनियनचा हक्क देणारा केंद्राचा कामगार कायदा लागूच होत नाही, म्हणजे इथे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नाहीतर राज्याने काहीतरी करायला पाहिजे. खेळाडूंना समोर बसवून करार करा, त्यात कॉलेज बदलणं, दुखापतीचा खर्च, मुलींचा वाटा सगळं आणा, मग चुकणाऱ्याला पकडा, मी स्वतः त्या कमिशनच्या बाजूने बोलेन.

अजून एक, आपल्या लोकांसाठी. पुण्या-मुंबईहून टेनिस किंवा स्क्वॉश खेळायला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलामुलींनो, हा जाहिरातीचा पैसा तुमच्यासाठी सरळ नाही, व्हिसावर काम करायला मर्यादा आहेत. केंटकी युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल खेळाडू ऑस्कर शीब्वे असाच व्हिसावर होता, तो टीमसोबत बहामाला गेला तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, त्याने करार उरकले. कोणी कितीही छोटी ऑफर दिली तरी आधी युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस आणि इमिग्रेशन वकील, मग सही.

पुढच्या भागात फोन लाइन चालू ठेवतोय. ज्यांची मुलं इथे कॉलेजात पोहतात, पळतात, टेनिस खेळतात त्यांनी आधी फोन करा, कारण फुटबॉलवाल्यांचं आम्ही दर शनिवारी ऐकतोच.