फायरवॉल बंद करून जाऊ नका

सोलापूरचा पूर्व भाग. खाली पॉवरलूम, वर घर, आणि खडखडाट इतका की बोलायचं म्हणजे ओरडायचंच. जिन्याखाली घरच्या ताईंचा हा कॉम्प्युटर, चादरीची डिझाइनं यात, टॉवेलच्या ऑर्डरी यात, जीएसटीची बिलं पण यातच.

आता लूमच्या वर बघा, जकार्ड. पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतायत, भोक असेल तिथं सुई आत जाते, नसेल तिथं अडते. फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवरचा पहारेकरी, पण असाच चालतो. नेटवरून डेटा येतो तो छोट्या छोट्या पॅकेटमधे, प्रत्येकावर असतं कुठून आलंय आणि कुठल्या पोर्टला, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या नंबरच्या दारात, जायचंय, पोर्टचे नंबर जातात 65,535 पर्यंत, आणि फायरवॉल प्रत्येक पॅकेट नियमाशी ताडून बघतो, बसलं तर आत, नाही तर तिथंच टाकून देतो, पाठवणाऱ्याला उत्तर पण देत नाही.

मग वेबसाइट कशी उघडते? कारण मागणी आतून गेलेली असते. ताईंनी जीएसटीचं पोर्टल उघडलं की फायरवॉल ते लक्षात ठेवतो, त्याचंच उत्तर आलं की सोडतो. न बोलावता आलेल्याला नाही.

नवा प्रोग्राम नेटवर्क मागायला लागला की फायरवॉलची ही खिडकी येते, बघा, सगळे न वाचता अलाऊ दाबतात. यात प्रायव्हेट म्हणजे घरचं नेटवर्क, पब्लिक म्हणजे लॉजवरचं, स्टँडवरचं वायफाय. प्रोग्राम ओळखीचा नसेल तर सरळ कॅन्सल करा.

आणि खरं दुखणं हे आहे. प्रिंटर चालेना की मेकॅनिक अख्खा फायरवॉलच बंद करतो आणि निघून जातो! अहो, एवढ्या एका प्रोग्रामला परवानगी देता येते, सेटिंगमधे आहे ते, दोन मिनिटांचं काम.

2003 मधे ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, 135 नंबरच्या पोर्टमधून शिरायचा, कुठं क्लिक करायची पण गरज नव्हती. विंडोज एक्सपीमधे फायरवॉल होता, पण बंद असायचा, 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 या मोठ्या अपडेटपासून तो आपोआप चालू झाला. 2017 ला वॉनाक्राय हा वर्म 445 नंबरच्या पोर्टमधून पसरला, फायली लॉक, वर पैशाची मागणी.

व्हॉट्सॅपवर आलेली फाइल तुम्ही स्वतःच उघडली तर मात्र फायरवॉलचा फारसा इलाज नाही, तिथं अँटिव्हायरस आणि बॅकअपच लागतो. ताईंनी आता डोमेन (म्हणजे ऑफिसचं नेटवर्क), प्रायव्हेट, पब्लिक तिन्हींचे फायरवॉल ऑन केलेत, प्रिंटरला वेगळी परवानगी दिलीय, आणि हे बघा, बिल निघतंय.