सगळे टेबल पास, आत्या नापास

मागे आवाज येतोय ना? बरं. आयोजकांनी विषय दिलाय लोकसेवांची रचना, जरा जड वाटतो, पण मी माझ्या आत्यापासून सुरू करतो कारण मला तो तिच्यामुळेच कळला.

आत्या नाशिकजवळच्याच एका तालुक्यात असते. विधवा. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या द्राक्षबागेत गेलं, विरळणी, डिपिंग, औषधं, त्यात बोटांचे ठसे पार पुसलेत. संजय गांधी निराधारचे पैसे मिळायचे ते एकदम थांबले. बँकेत गेली तर आधार लिंक नाही. आधार सेंटरला गेली तर अंगठाच उठेना. मग ऑफिसात म्हणाले हयातीचा दाखला आणा, तो आणला तर नावात घोळ, आधारवर नावाला 'बाई' लागलंय आणि रेशनकार्डावर नाही, म्हणजे आता अॅफिडेव्हिट करा, ते केलं तर साहेब मीटिंगला. आठ फेऱ्या झाल्या. एसटीला बायकांना हाफ तिकीट आहे हो, पण मजुरी बुडते त्याचं काय?

गंमत म्हणजे यात कोणी खोटं बोललं नाही, कोणी चहापाणी मागितलं नाही. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कुठली सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरलेलंय, आणि तिला दाखले वेळेतच मिळाले की! सगळे टेबल पास, आत्या नापास.

इंग्लंडमध्ये जॉन सेडन म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी हे फार नेमकं पकडलंय. ते म्हणतात ऑफिसातली गर्दी दोन प्रकारची असते, एक खरंच काम घेऊन आलेली आणि दुसरी आधीचं काम नीट झालं नाही म्हणून परत आलेली. आत्याची पहिली फेरी काय ती खरी, बाकीच्या सात फेऱ्या ऑफिसनेच तयार केल्या. आपण मात्र आठही 'सेवा दिली' म्हणून मोजतो आणि गर्दी वाढली की आणखी एक खिडकी उघडतो.

नवव्या फेरीला गावचा कोतवाल बरोबर गेला. दुसऱ्या कामाने चालला होता, ही स्टँडवर बसलेली दिसली, म्हणाला चल. तिन्ही टेबलांसमोर तिच्या शेजारी उभा राहिला, ही कोण, घरी कोण आहे, अंगठा का उठत नाही, सगळं त्यानेच सांगितलं. दुपारपर्यंत काम झालं. पण त्या दिवशीचं हे काम लिहायला त्याच्याकडे रकानाच नाही.

इंग्लंडमधल्याच हिलरी कॉटम यांनी तिथल्या स्विंडन गावात अडचणीतल्या कुटुंबांबरोबर काम केलं तेव्हा हेच उलट्या बाजूने दिसलं. तिथे सोशल वर्करचा 86 टक्के वेळ फॉर्म आणि मीटिंगमध्ये जायचा, कुटुंबाच्या वाट्याला 14, आणि त्यातही पुढच्या फॉर्मसाठी माहिती विचारायची. मग त्यांनी आपल्याबरोबर कोण काम करणार ते कुटुंबांनाच निवडू दिलं आणि 80 टक्के वेळ कुटुंबासाठी ठेवायचं ठरवलं. हॉलंडमध्ये 2006 साली योस दे ब्लोक यांनी ब्युर्टझोर्ग म्हणून घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था काढली त्यातही तेच, फार तर 12 नर्सची टीम, एका भागातले पेशंट पूर्ण त्यांचे, वेळापत्रकसुद्धा त्याच ठरवतात, वर मॅनेजर नाही. म्हणजे सेवा टेबलावर नाही, माणसामाणसातल्या नात्यावर उभी.

तिसऱ्या रांगेतले काका हसतायत, मला कळलं का ते. नात्यावर सेवा म्हणजे ओळखीवर कामं, म्हणजे वशिला, आणि तोच बंद करायला तर आपण ऑनलाइन केलं सगळं! एकदम बरोबर प्रश्न आहे, आणि बाहेरच्या पुस्तकांत याचं उत्तर मला सापडलं नाही कारण आपल्याइतका वशिला त्यांनी बघितलेला नसावा. खिडकीने सगळ्यांना सारखं केलं ही मोठी गोष्ट आहे, ती मला मोडायची नाही. पण ज्याची ओळख आहे तो अजूनही एका फोनवर काम करून घेतोच ना? मग ज्याची नाही त्याला सरकारनेच एक ओळखीचा माणूस द्यावा, त्याच्या पगारात आणि कामाच्या यादीत हे लिहून द्यावं, आणि तीन टेबलं एकत्र बसवायचा अधिकार पण द्यावा. नुसता गोड बोलणारा मदतनीस ठेवला तर तो पण आणखी एक टेबलच होणार.

आपण नाशिककर गोदाघाटावर देवमामलेदारांच्या मंदिरात जातो. सटाण्याचे मामलेदार, 1870-71 च्या दुष्काळात सरकारी तिजोरी लोकांसाठी उघडली म्हणून त्यांची आठवण सांगतात. मला ते मंदिर आवडतं, पण तिथे गेलो की एक विचार येतोच, नियमाच्या पुढे जाऊन माणूस बघितला तर आपल्याकडे थेट देव व्हावं लागतं, साध्या क्लार्कला ते जमावं अशी सोय कुठे आहे?

असो. परवा आत्याला फोन केला होता, हयातीचा दाखला परत द्यायचाय. म्हणाली कोतवाल यंदा रिटायर होतोय. मी म्हटलं मग गं? तर म्हणे, "त्याचा नंबर घेऊन ठेवलाय."