आधी इंजेक्शन, मग नाशिक

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात रात्री कुणाच्या छातीत कळ आली की घरचे आधी गॅस झाला म्हणून सोडा पाजतात, मग घाम बघून घाबरतात आणि मग एकच धोशा, सरळ नाशिकला न्या, इथे काही नाही. नाशिक ९० किलोमीटरच्या आसपास, वणी-दिंडोरी करत, त्यात गाडी शोधायचा वेळ वेगळा.

अशा वेळी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख, काढतात. त्यातली रेघ जिथे खाली बसायला पाहिजे तिथे वरच उचलून राहिलीये, तर तो हार्ट अटॅक, म्हणजे हृदयाची एक नळी गुठळीने बहुतेक पूर्ण बंद झालीये आणि तिच्या पुढचा स्नायू मरायला लागलाय. नळी लवकर उघडायची, बाकी सगळं नंतर.

उघडायचा सगळ्यात चांगला मार्ग अँजिओप्लास्टीच, नळीत फुगा घालून ती उघडायची आणि उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, टाकायची, यात वाद नाही. पण अट आहे, ईसीजीवर अटॅक दिसल्यापासून साधारण १२० मिनिटांत ती व्हायला पाहिजे. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवरच्या माणसाला हे जमेल, द्वारका चौकाचं ट्रॅफिक धरूनही जमेल. सुरगाणा, पेठ अशा लांबच्या तालुकेवाल्याचं गणित बसणं अवघड. तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन कामाला येतं, टेनेक्टेप्लेज असेल तर वजनाप्रमाणे डोस काढून एकदाच शिरेतून, काही सेकंदांत देऊन मोकळं, स्ट्रेप्टोकायनेज असेल तर सलाईनमधून तासभर.

आता कुणालाही वाटेल की मग दोन्ही लागोपाठ करा, इंजेक्शन द्या आणि लगेच टेबलावर घ्या, डबल फायदा. डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं! २००६ साली असेंट-४ नावाच्या अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं आणि तो मध्येच थांबवावा लागला, कारण दोन्ही एकदम केलेल्यांमध्ये हॉस्पिटलमधले मृत्यू ६ टक्के आणि नुसती अँजिओप्लास्टी केलेल्यांमध्ये ३ टक्के. असं का झालं असावं, तर हे औषध गुठळीतलं फायब्रिनचं जाळं तोडतं खरं, पण त्यात अडकलेलं थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं द्रव्य, सुटं होतं आणि ते प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, आणखी चिकट करतं, आणि अशा खवळलेल्या रक्तात लगेच स्टेंट टाकला तर नवीन गुठळी धरायचा धोका. शिवाय त्या रुग्णांना प्लेटलेट्सवरची औषधं पुरेशी दिलेली नव्हती.

म्हणून आता मधे वेळ सोडतात. इंजेक्शनसोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणारं औषध, पेशंट अँब्युलन्सने नाशिककडे, आणि अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांत रंग सोडून तपासणी, साधारण २ ते २४ तासांच्या आत. २०१३ च्या स्ट्रीम अभ्यासात तीन तासांच्या आत आलेले पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणारे रुग्ण घेतले होते, त्यात मृत्यू, शॉक (रक्तदाब एकदम कोसळणं), हार्ट फेल्युअर (हृदय पंप करायला कमी पडणं), पुन्हा अटॅक असं सगळं मिळून महिन्याभरात या पद्धतीत १२.४ टक्के आणि थेट अँजिओप्लास्टीत १४.३, म्हणजे जवळपास सारखंच. फुकट नाही मिळालं हे, मेंदूत रक्तस्राव १ टक्का विरुद्ध ०.२, म्हणून पंच्याहत्तरीच्या पुढे डोस निम्मा केला. आधी मेंदूत रक्तस्राव झालेल्याला तर हे इंजेक्शन द्यायचंच नाही, हे विचारल्याशिवाय सुई टोचत नाहीत.

आणि ते चालतंच असंही नाही. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, वर उचललेली रेघ निम्म्याने तरी खाली आली पाहिजे. नाही आली तर वाट बघायची नाही, लगेच अँजिओप्लास्टी. स्ट्रीममध्ये अशी धावपळ ३६ टक्के लोकांची झाली, म्हणून तर इंजेक्शन देऊन पेशंट तालुक्यालाच ठेवायचा नाही, गाडी तेव्हाच सोडायची.

माझ्या मते खरी गोची इथून पुढे होते. दुखणं थांबतं, पेशंट उठून चहा मागतो, आणि नातेवाईक म्हणतात आता बरंय की, कशाला नाशिकचा खर्च, कांदा विकला की जाऊ. पण गुठळी विरघळली तरी जिच्यावर ती धरली होती ती चरबीची फाटलेली गाठ नळीत तशीच असते, तिथे परत गुठळी धरू शकते, कांद्याचा भाव बघत थांबत नाही.

तर निघताना चिठ्ठी घ्याच. कोणतं इंजेक्शन, किती डोस, किती वाजता दिलं, आणि दोन्ही ईसीजी जोडलेले. "तिकडे एक सुई दिलीय" एवढ्यावर नाशिकच्या डॉक्टरला काही ठरवता येत नाही.