कान घेऊन फिरायला

नमस्कार, श्रोतेहो.

फिरायला आपण सगळेच जातो. कुणी वजनासाठी, कुणी साखरेसाठी, कुणी घरातली कटकट टाळायला. नुसतं ऐकायला म्हणून चालत निघणं, म्हणजेच साउंडवॉक, हा मात्र वेगळाच षौक.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅक्स न्यूहाउस या तालवादकानं जमलेल्या मित्रमंडळींच्या हातांवर रबरी शिक्का मारला: ‘ऐका’. मग त्यांना कुठल्या सभागृहात न बसवता रस्त्यानं वीजकेंद्राच्या दिशेनं चालत नेलं. मैफल तीच!

पुढं कॅनडात, व्हँकुव्हरला, संगीतकार मरे शेफर आणि त्यांचे सहकारी शहराचे आवाज नोंदवू लागले. त्यांतल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी १९७४ मध्ये अशा फिरण्यावर लेख लिहिला, आणि काही वर्षांनी तिथल्या सहकारी रेडिओवर त्याचा कार्यक्रमच सुरू केला. रेकॉर्डर घेऊन ही बाई हिंडायची आणि लोक घरबसल्या तिच्याबरोबर हिंडायचे. रेडिओवाल्या माणसाला हेवा वाटावा असंच काम.

त्यांची १९८९ची एक रचना मला फार आवडते. व्हँकुव्हरचा किट्सिलानो किनारा. खडकांना चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचाचे इवलेसे जीव, पाण्यात टिकटिक करतायत. पण मागं शहराची घरघर एवढी, की ती टिकटिक बुडूनच जाते. तेव्हा वेस्टरकँप आपल्याला सरळ सांगतात, की स्टुडिओत मी हे शहर गाळून टाकू शकते. आणि तसं करूनही दाखवतात! घरघर विरते, टिकटिक पुढं येते. मला यातला प्रामाणिकपणा भावतो. मायक्रोफोनला समोर येईल ते सगळं सारखंच. आपला कान मात्र गोंगाटातूनही हवं ते वेचतो. म्हणून अशा फिरण्यासाठी शांत जंगलच हवं असं नाही. डेपोमागची गल्लीसुद्धा चालेल.

शेफर यांचा जन्मदिवस १८ जुलै. २०१० पासून तो ऐकण्याचा जागतिक दिवस म्हणून साजरा होतो. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा. त्या दिवशी निघाच. इअरफोन घरी ठेवा, आणि शक्य असेल तर छत्रीऐवजी रेनकोट घ्या, पण टोपी मागं टाकून! छत्रीवर थेंब एवढे तडतडतात की बाकी काही ऐकूच येत नाही. पत्र्यावरचा पाऊस, ताडपत्रीवरचा, पन्हळीतून बादलीत पडणारा, प्रत्येकाचा बाज निराळा. पायांतली चप्पल फार फटफटत असेल तर तीही बदला.

चारसहा जण मिळून जाणार असाल तर वाटेत बोलायचं नाही. अर्धा तास पुरे. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत, कुणी काय ऐकलं ते एकेकानं सांगायचं. एकाच रस्त्यानं जाऊनही याद्या जुळत नाहीत, आणि मग जो वाद रंगतो, त्यात दुसरा चहा ठरलेलाच.